बाळ-बाळंतिणीकडची पहिली ड्यूटी: लेबर रूम, पीएनसी की एसएनसीयू?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग संपवून, नोंदणीचा कागद घेऊन रुजू झालेल्या मुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सिस्टर, लेबर रूम मागू की एसएनसीयू?" एसएनसीयू म्हणजे आजारी किंवा फार लहान नवजात बाळांचा विशेष विभाग. पीएनसी वॉर्ड, म्हणजे बाळंतपणानंतर आई-बाळांना ठेवतात तो वॉर्ड, मागू का, असं सहसा कुणी विचारत नाही. माझी नोकरी या तिन्ही ठिकाणी झाली आणि आता इन्चार्ज म्हणून मी इतरांच्या ड्यूट्या लावते. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि बहुतेकींना ते सुरुवातीला पटत नाही: जमलं तर पहिले काही महिने पीएनसी घ्या. का, ते पुढे सविस्तर सांगते. पण विभाग ठरवण्याच्या आधी एक गोष्ट बघायची असते, ती आधी सांगते.

तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्यापेक्षा जुनी सिस्टर असणार आहे का, हे बघा. नाइटला असणार आहे का, हे तर नक्कीच बघा. नव्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात रात्री एकटीला लेबर रूम सांभाळायला देणारी दवाखाने आहेत, आणि तिथे काम भरपूर मिळतं म्हणून "लवकर शिकशील" असंही सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. चुकीचा हात एकदा बसला की तो पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण सुधारायला शेजारी कुणी नसतं. जागा बघायला जाल तेव्हा पगाराआधी लेबर रूममध्ये एक नजर टाका. सरकारी नियमाप्रमाणे तिथे सात ट्रे लागतात: डिलिव्हरीचा, एपिझिओटॉमीचा (बाळंतपणात घ्यायच्या कापाचा), बाळाचा, औषधांचा, तातडीच्या औषधांचा, एमव्हीएचा (हाताच्या पंपाने पिशवी साफ करण्याचा) आणि पीपीआययूसीडीचा (बाळंतपणानंतर लगेच बसवायच्या तांबीचा). ते भरलेले आहेत का, बाळाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलापाशी, हाताला येईल असा आहे का, रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आहे की टेबलावर उन्हात पडलंय, एवढं बघितलं तरी त्या जागेची शिस्त कळते. दुसरी खूण म्हणजे ओव्हर, शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं. सकाळी आठ वाजता दोन्ही शिफ्टच्या सिस्टर खाटेखाटेपाशी जाऊन ओव्हर देत-घेत असतील तर तिथे तुम्ही नुसतं ऐकूनही शिकाल. टेबलापाशी उभ्या-उभ्या "सगळं ठीक आहे" म्हणून ओव्हर संपत असेल, तर तिथे शिकवणारंही कुणी सापडणार नाही.

आता लेबर रूम. बाहेरून ती सगळी धावपळ वाटते. खरं तर शिफ्टचा मोठा भाग वाट बघण्यात जातो, आणि ते वाट बघणं नीट जमणं हेच तिथलं कसब आहे. पहिलटकरणीच्या कळा सुरू होऊन तासन् तास होतात, नातेवाईक दर दहा मिनिटांनी दारात येतात, तिला वाटतं आता जीव जातो. तुम्ही दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे, दहा मिनिटांत किती कळा येतात ते पोटावर हात ठेवून मोजायचं, आणि पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणाऱ्या आलेखावर, खूण करायची. बाळंत होण्याच्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर, ठोके दर पाच मिनिटांनी. ठोके ११० ते १६० मध्ये हवेत, हे पुस्तकात असतं. पण कळ ओसरल्यावर ते किती लवकर पूर्ववत येतात हे कानाला कळायला शेकडो वेळा डॉप्लर लावावा लागतो. पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर बसून भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तुम्ही ती लावून घेऊ नका. तो कागद पुढची दिशा दाखवण्यासाठी आहे. झालं गेलं लिहायला केसपेपर आहेच. पोस्टिंगच्या पहिल्याच महिन्यात रेषा अलर्ट लाइन, म्हणजे सावध करणारी आखलेली रेघ, ओलांडते आहे हे दिसलं आणि तुम्ही डॉक्टरांना वेळेत सांगितलं, तर पुढच्या रुग्णालयात रेफर करायला हातात दोन-तीन तास मिळतात. १०२ किंवा १०८ ची गाडी येऊन पोचेपर्यंतचा वेळ धरला तर तेच तास बाईला वाचवतात.

आणि मग बाळ येतं तेव्हा सगळं एका मिनिटात होतं. बाळ आईच्या पोटावर, कोरडं पुसणं, ओलं कापड बाजूला टाकून कोरड्यात गुंडाळणं, त्याच वेळी रडतंय का बघणं. रडलं तर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, बाळ तिथेच आईच्या अंगावर. आईला मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत. पोटात दुसरं बाळ नाही ना, याची आधी खात्री करून. पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर नाळ लगेच कापून वॉर्मरवर, मान किंचित मागे, मास्क नाक-तोंडावर घट्ट, आणि बॅग: मिनिटाला ४० ते ६० या गतीने. छाती उचलली जातेय का, एवढ्यावरच डोळा. पहिला श्वास पहिल्या मिनिटात मिळायला हवा, म्हणून त्याला गोल्डन मिनिट म्हणतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा एनआरपीचा, म्हणजे श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला वाचवण्याचा, एक दिवसाचा कोर्स होतो, तो पहिली नोकरी लागण्याआधीच करून टाका. पण कोर्समधली रबरी बाहुली आणि ओलं, निळं, ढिलं पडलेलं बाळ यात फरक आहे. पहिल्या वेळी हात थरथरतात. शेजारी जुनी सिस्टर असावी हा माझा हट्ट त्याच मिनिटासाठी आहे.

लेबर रूमबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. शिकत असताना एका मोठ्या रुग्णालयात मी कळा देणाऱ्या बायकांवर ओरडणं, मांडीवर चापट मारणं, "तेव्हा बरं वाटलं होतं ना" असलं घाणेरडं बोलणं ऐकलंय. ते सगळं शिस्तीच्या नावाखाली चालायचं आणि आम्ही विद्यार्थिनी गप्प उभ्या असायचो. आता केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात, जो २०१७ पासून सुरू आहे, बाईशी सन्मानाने वागणं, पडदा असणं, सोबतीला तिची एक बाई असू देणं हे लेबर रूमच्या दर्जाचे निकष आहेत. तरी ती जुनी भाषा काही ठिकाणी टिकून आहे. नवी मुलगी म्हणून तुम्हाला सगळ्यांना सुधारता येणार नाही. पण तुमच्या हाताखालच्या बाईचा हात धरणं, आत तपासण्याआधी तिला सांगणं, "ताई, आता कळ येतेय, श्वास सोड" असं शांतपणे म्हणणं याला कुणाची परवानगी लागत नाही. जिथे तुम्हीच ओरडायला लागाल अशी भीती वाटते, ती जागा सोडा. थकलेल्या माणसाला ओरडण्याची सवय फार लवकर लागते.

लेबर रूम कुणाला मानवते? ज्यांना अचानक बदललेली गोष्ट घाबरवत नाही, ज्यांचे कान तिखट आहेत आणि ज्यांना रक्ताचा अंदाज डोळ्यांनी बांधायची शिस्त लावून घेता येते. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं तर पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव, धरायचं असतं, आणि चादरीत, पॅडमध्ये, खाटेखालच्या फरशीवर गेलेलं रक्त आपण सगळ्याच जणी कमी मोजतो. म्हणून ट्रे किंवा मापाचा ड्रेप वापरा, पॅड वजन करा. अंदाज जुन्या सिस्टरचाही चुकतो.

आता पीएनसी, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

पीएनसीला कमी लेखलं जातं, कारण तिथे 'काही होत नाही' अशी समजूत आहे. बाळंत झाली, सुटली, आता डिस्चार्जपर्यंत सलाइन आणि ड्रेसिंग. पण बाळंतपणानंतर दगावणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी पहिल्या २४ तासांत जातात, म्हणजे लेबर रूमच्या दाराबाहेर, तुमच्या वॉर्डात. २०१८-२० च्या आकडेवारीत भारताचं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं आणि महाराष्ट्राचं ३३. हा फरक डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांनी पडला, तसाच दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे का बघणाऱ्या हातांनीही पडला, असं मी मानते. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पिशवी, पॅड. ज्या दिवशी तुम्हाला हे यांत्रिक वाटायला लागेल त्या दिवशी आठवा की बाई बसल्या-बसल्या गप्पा मारत असते आणि आत पिशवी सैल पडून रक्त साठत असतं.

पीएनसीतून सुरुवात करा म्हणते त्याचं खरं कारण असं की तिथे 'ठीक' म्हणजे कसं असतं हे दिवसाला पंधरा-वीस वेळा दिसतं. निरोगी बाळ कसं श्वास घेतं, झोपेत कसं थबकतं, पहिल्या दिवशीचं काळं शी, मग हिरवट, मग पिवळं, वजन सुरुवातीला दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि पुढे भरून येतं. हे डोळ्यांत पक्कं बसलं की बिघडलेलं बाळ लांबून ओळखू येतं. एसएनसीयूत सरळ गेलेल्या मुली हुशार होतात, मॉनिटर छान वाचतात, पण निरोगी बाळ त्यांनी पुरेसं पाहिलेलं नसतं. मग वॉर्डातल्या बाळाच्या साध्या उचकीलाही त्या घाबरतात, नाहीतर उलट, पहिल्या चोवीस तासांत आलेली कावीळ "येतेच" म्हणून सोडून देतात. पहिल्या दिवशीची कावीळ कधीच साधी धरायची नाही. कपाळावर, मग छातीवर बोटाने दाबून बघा, दिवसाच्या उजेडात. वॉर्डातल्या पिवळट ट्यूबलाइटखाली फसायला होतं.

पाजणं शिकवणं हे पीएनसीचं सगळ्यात मोठं काम आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. आई म्हणते, "दूधच येत नाही." सासू किंवा आई पावडरचा डबा घेऊन उभी. तुम्ही दहा मिनिटं खुर्ची ओढून बसा. आईच्या पाठीमागे उशी, सिझर असेल तर बाळ बगलेखालून, टाक्यांवर भार येणार नाही असं. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर. त्याने तोंड मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली, वरच्या बाजूचा काळा भाग खालच्यापेक्षा जास्त दिसतोय, गाल फुगीर आहेत, आणि थोड्या वेळाने गिळल्याचा हलका आवाज. एवढं दिसलं की आईच्या चेहऱ्यावरचा ताण आपोआप उतरतो, कारण दुखणं थांबतं. दुखत असेल तर पकड चुकली आहे, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा. हे एकीला दाखवलं की शेजारच्या खाटेवरची बघत असते.

चीक फेकून देणं, मध चाटवणं, काजळ, गुटी हे सगळं तुमच्यासमोर येईल. आजीला वॉर्डातून बाहेर काढून हे सुटत नाही. तिच्याशीच बोला. "आजी, तुम्ही एवढी बाळं वाढवली, या बाळाचं पहिलं दूध तेवढं वाया जाऊ देऊ नका" असं म्हटलं की ती तुमच्या बाजूने होते, आणि एकदा आजी बाजूने झाली की घरी गेल्यावरही सल्ला पाळला जातो. पाचवीच्या पूजेसाठी डिस्चार्ज मागणारेही भेटतील. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर डॉक्टरांशी बोलून बघा. ठीक नसतील तर पूजा वॉर्डाच्या कोपऱ्यात पाट मांडूनही होते, मी होऊ दिली आहे.

पीएनसीतली दुसरी गोष्ट म्हणजे बाईचं म्हणणं ऐकणं. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी बाई म्हणते, "सिस्टर, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय." रात्रभर जागी आहे, पाजत होती, दुखणारच, असं आपल्याला वाटतं. आधी बीपी घ्या. वाढलेल्या बीपीचे झटके, म्हणजे एक्लॅम्प्सिया, बाळंत झाल्यावरही येतात, पहिल्या ४८ तासांत जास्त करून, आणि गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं अशा बाईलाही येतात. १४०/९० च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगायचं, १६०/११० असेल तर ताबडतोब, आणि एक्लॅम्प्सियाचा ट्रे जवळ आणायचा. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं तर तुमच्याकडे तीन कामं: गुडघ्याचा रिफ्लेक्स, मिनिटाला श्वास १६ च्या खाली जात नाही ना, आणि लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे ना. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये हवंच.

आणि जिचं बाळ गेलं तिची जागा. तिला बाळं असलेल्या खाटांच्या मधोमध झोपवू नका, भिंतीकडची किंवा दुसऱ्या वॉर्डातली खाट मागून घ्या. तिसऱ्या दिवशी तिचे स्तन दुधाने भरतात, हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. ते घडतं तेव्हा ती पार कोसळते. म्हणून आदल्या दिवशी तिच्यापाशी बसून सांगा, थंड पट्ट्या, घट्ट पण न आवळणारी चोळी, फार दुखलं तर थोडंच दूध काढणं. "देवाची इच्छा", "दुसरं होईल" असं म्हणू नका. बाळ बघायचं, हातात घ्यायचं असेल तर तिला घेऊ द्या. हे पुस्तकात शिकवलेलं नव्हतं, एका वयस्क स्टाफने मला शिकवलं, आणि नर्सिंगमधलं मी जे काही शिकले त्यात हे मी वर ठेवते.

एसएनसीयू आणि खासगीतलं एनआयसीयू. एसएनसीयूच्या निकषांप्रमाणे एका शिफ्टला तीन-चार बाळांमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात किती आहेत ते जागा बघतानाच विचारा. इथे सगळं लहान मापात असतं. डॉक्टरांनी १२०० ग्रॅमच्या बाळाला जेंटामायसिन ६ मिलिग्रॅम लिहिलं. कपाटात दोन प्रकारच्या बाटल्या आहेत: २ मिलीत ८० मिलिग्रॅमवाली आणि २ मिलीत २० मिलिग्रॅमवाली. पहिलीतून ०.१५ मिली घ्यायचं, दुसरीतून ०.६ मिली. रात्री तीन वाजता, दुसरीचा हिशेब डोक्यात धरून हात पहिलीवर गेला तर बाळाला चौपट औषध जातं आणि किडनी, कान दोन्हीला धोका. म्हणून तिथे नियम आहे: प्रत्येक डोस कागदावर मांडायचा, दुसरीने तपासायचा, मगच सिरिंजमध्ये. गणिताचा कंटाळा असेल तर एसएनसीयू सध्या घेऊ नका किंवा घेण्याआधी महिनाभर हिशेब घोटा. सलाइनचंही तसंच. मायक्रोड्रिपमध्ये ६० थेंबांचा एक मिली, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. दीड किलोच्या बाळाला दिवसाला १२० मिली म्हणजे तासाला ५ मिली. हे इतकं पाठ हवं की पंप बंद पडला तरी हात अडू नये.

मशिनांच्या ओढीने बऱ्याच जणी तिकडे जातात. सीपॅप (श्वासाला आधार देणारं मशिन), फोटोथेरपी (काविळीवरचा प्रकाश), सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) शिकायला मिळतं, हे खरं. पण एसएनसीयूत बाळं वाचवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा साध्या असतात: कोपरापर्यंत हात धुणं, बांगड्या-अंगठ्या काढून आत येणं, आईचं दूध वाटीने किंवा नळीने वेळेवर देणं, बाळ गार पडू न देणं. कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं ते बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, १ ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आणि आपल्याकडे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या गावांतल्या आरोग्यदूत बायकांनी, ज्यांनी कुठलंही नर्सिंग कॉलेज पाहिलं नव्हतं, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ मध्ये छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी त्याच धर्तीवर उभ्या राहिल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली. अशा जागी विद्यार्थिनी म्हणून एक फेरी जरी मारता आली तरी मारा.

एसएनसीयूत आई बाहेर बसलेली असते. तिला दर दोन तासांनी आत घेणं, दूध काढायला शिकवणं, तिचा हात बाळाला लागू देणं हे नर्सच्या मनावर असतं. त्याला वेळ लागतो आणि वेळ कुणाकडेच नसतो, तरी ते करायचं. डिस्चार्जच्या वेळी ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाची डोळ्यांची तपासणी महिन्याच्या आत झाली की नाही, तारीख कार्डावर आहे की नाही, हे बघणं सुद्धा तुमचंच. हुकलेल्या तारखेने बाळाची नजर जाते.

एएनसी, म्हणजे गरोदर बायकांचा वॉर्ड, आणि ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, यांच्याबद्दल थोडक्यात. एएनसीत बीपी, साखर, कमी रक्ताच्या बाया दिवसेंदिवस भरती असतात, गप्पांमधून समुपदेशन शिकायला ती उत्तम जागा आहे. ओटी पहिली जागा म्हणून मी सुचवत नाही, तिथे पेशंट झोपलेला असतो आणि बोलणं शिकायचं राहून जातं.

खरं तर महाराष्ट्रात खूप जणींची सुरुवात यातल्या कुठल्याच विभागात होत नाही. ती होते तालुक्याच्या गावातल्या एखाद्या मॅटर्निटी होममध्ये, जिथे डॉक्टर वर राहतात, खाली दहा-बारा खाटा, आणि एकच सिस्टर ओपीडीपासून सिझरच्या असिस्टपर्यंत सगळं करते. तिथे सगळं बघायला मिळतं हे खरं आहे. मी अशा जागेला नाही म्हणत नाही, पण तीन गोष्टी बघा: बाळाच्या डॉक्टरांना बोलावलं तर किती वेळात येतात, रात्री रक्त कुठून आणतात, आणि एनआरपी झालेलं दुसरं कुणी शिफ्टला असतं का. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील तर ती देऊ नका, झेरॉक्स द्या. बॉण्ड असेल तर वाचून, त्याची प्रत घेऊन मगच सही. माझ्या एका मैत्रिणीला तिची मार्कलिस्ट परत मिळवायला वकील करावा लागला.

पुढच्या शिक्षणाचा विचार पहिल्या वर्षी करायची घाई नको. एमएस्सी नर्सिंगला बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच. नवजात शिशू नर्सिंगमध्ये पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. मिडवाइफरीची ओढ असेल तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'चा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, ज्यातून स्वतःच्या जबाबदारीवर नॉर्मल बाळंतपणं करणारी नर्स तयार होते. गावाकडे राहून काम करायचं असेल तर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, आणि तिथे पीएनसीत शिकलेलं सगळं घरभेटीत उपयोगी पडतं. परदेशी जायचं असलं तरी अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचं नाव लिहून घ्या. नुसतं 'स्टाफ नर्स' असा दाखला पुढे फारसा चालत नाही.

पहिला विभाग मनासारखा मिळाला नाही, तर महिन्याभरात बदली मागू नका. साधारण सहा महिने द्या. पहिले दोन महिने सगळ्यांनाच घरी जाऊन रडू येतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. त्यानंतर मात्र स्वतःला विचारा की ड्यूटी संपल्यावर तुम्ही मनात कुणाचा विचार करत घरी जाता. बाळांचा की बायांचा? घरी आल्यावर 'त्या अकरा नंबरच्या बाळाने फीड घेतलं असेल का' असं येत असेल तर एसएनसीयू मागा. 'ती पहिलटकरीण बाळंत झाली असेल का' असं येत असेल तर लेबर रूम. आणि थकून काहीच येत नसेल, नुसती भीती वाटत असेल, तर इन्चार्जशी बोला. भीती कशाची आहे, बॅग-मास्कची, इंजेक्शनच्या हिशेबाची की एखाद्या सीनियरची, हे नेमकं सांगितलं तर त्यावर काहीतरी करता येतं.

बदलीचा अर्ज तोंडी करू नका. मॅट्रन मॅडमकडे लेखी द्या, रोटेशनची यादी लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. अर्जात "मला आवडतं" एवढंच लिहू नका. एनआरपी किंवा एसबीए (कुशलतेने बाळंतपण करण्याच्या) ट्रेनिंगची तारीख लिहा, सध्याच्या विभागात काय काय स्वतंत्रपणे करता येतं ते लिहा, आणि ज्या विभागात जायचंय तिथल्या इन्चार्जना आधी भेटून एक-दोन ऑफच्या दिवशी त्यांच्यासोबत उभं राहायची परवानगी मागा. माझ्याकडे असा अर्ज आला आणि ती मुलगी आधी येऊन दोन तास एका कोपऱ्यात उभी राहून बघून गेलेली असली, की मी तिचं नाव यादीत आधी घालते.